अळ्यांची पांजरपोळ

जुन्नर, १४ जुलै १९९७

चिमाजी,

जय जिनेंद्र आणि रामराम, दोन्ही घे. एकानं तुझं भागत नाही हे मला ठाऊक आहे.

आम्ही जुन्नरला नीट पोचलो. साध्वीजी उतरल्यात त्या जैन स्थानकाला लागून दोन खोल्या मिळाल्या आहेत, चातुर्मासभर आता इथेच. घोडेगावचं दुकान मुलाच्या हवाली केलंय. म्हणजे दिवाळीला परत येईन तेव्हा साखरेच्या पोत्यात मुंग्यांची चौथी पिढी नांदत असेल.

झमकूनं यंदा मासखमण धरायचं ठरवलंय. म्हणजे काय ते कोंडाबाईला समजावून सांग: महिनाभर पोटात अन्नाचा कण नाही, फक्त उकळलेलं पाणी, तेसुद्धा सूर्य असेतोवरच. साठी उलटलेली बाई, जिना चढताना दोनदा थांबते. मी नको म्हणालो. ती म्हणाली, "सागाची बाग लावली तवा मी नको म्हनले व्हते. तुमी ऐकलं व्हतं का?"

आता मुद्द्याचं. मागल्या आठवड्यात आपण तिघं बागेत उभे होतो, आठवतंय ना? सागाच्या पानांचा सांगाडा उरलेला आणि फांदीफांदीवरून त्या काळ्या पट्ट्यांच्या अळ्या लोंबत होत्या. औषधाचा पंप आण, असं मी तुला सांगणारच होतो, तेवढ्यात एक अळी धाग्यावरून थेट झमकूच्या पदरावर उतरली. तिनं ती तळहातावर घेतली. तू बाजूलाच होतास. येताना एस.टी.त मला म्हणाली, "माझ्या उपासाच्या वर्षात आपल्या नावानं एकबी जीव जायला नको." इथं आल्यावर साध्वीजींसमोर तिनं तसा नियम घेतला. आणि नुसता आपला नाही घेतला. मला शेजारी उभं करून माझ्याकडूनही वदवून घेतला.

तेव्हा औषध बंद. पण साग फुकट खाऊ घालायला मी लावलेला नाही, आणि त्यात तुझाही अर्धा वाटा आहे. म्हणून मी डोकं चालवलंय. झमकूच्या माहेरी, आण्याला, तिच्या वडिलांचं धान्याचं दुकान होतं. दुकानामागे एक अंधारी खोली. किडकं धान्य निघालं की ते फेकायचं नाही, उन्हात टाकायचं नाही. किड्यांसकट त्या खोलीत नेऊन ओतायचं. किडे आत खात राहायचे, आपल्या मरणानं मरायचे. पाप नाही, नुकसानही बेताचं. आपण तेच करू. बागेच्या कडेची हिरड्याची कोठी सध्या रिकामीच आहे. वाडीतल्या बायका लाव, अळ्या हातानं अलगद वेचायच्या, टोपलीतून कोठीत सोडायच्या, वर जंगलातला पाला टाकायचा. डोंगरात पाल्याला काय तोटा? आपला साग वाचेल, त्यांचा जीव वाचेल आणि झमकूचा नियमही.

आता हसू नकोस. कळव.

चांदमल गुंदेचा


सावरवाडी, २१ जुलै १९९७

शेठ,

रामराम. भाभींना नमस्कार.

तुमचं पत्र कंडक्टरनं हातोहात दिलं. तुम्ही हसू नकोस म्हणून लिहिलं म्हणून मी हसलो नाही. कोंडाबाईला वाचून दाखवलं, ती मात्र इतकी हसली की तव्यावरची भाकरी करपली. म्हणाली, "आपल्या वाडीत मान्साला दवाखाना न्हाई आन् अळीला धरमशाळा!" ती करपलेली भाकरी मलाच खावी लागली, हे तुमच्या कानावर घालतो.

सध्या तुमची धर्मशाळा रिकामीच राहणार. पत्र यायच्या आधीच अळ्या खाऊन-पिऊन मातीत उतरल्या. पाचोळा उचलला की खाली कोष दिसतात. झाडं मेली नाहीत, नवी पालवी धरलीये. ही पालवी मोठी झाली की दुसरी फेरी येईल असं वाटतं, कारण मागल्या वर्षी तसंच झालं होतं.

कोठी झाडून घेतली आहे. हिरड्याचा वास काही जात नाही. भाताची आवणी उरकत आलीये, म्हणजे बायका मोकळ्या होतील. बयाबाई येते म्हणाली, पण अळीला हात लावताना अंगावर काटा येतो म्हणते. तिला रोज जास्त लागेल.

खायला काय घालू ते कळवा. गुरांचं मला कळतं. बैल भुकेला असला की पेंढा काय आणि छपराचं गवत काय, सगळं ओढतो. अळीचंही तसंच असावं.

चिमाजी


जुन्नर, ६ ऑगस्ट १९९७

चिमाजी,

परवापासून उपास सुरू होणार. काल तिनं मनासारखं जेवून घेतलं, आणि जेवताना दोनदा तुझ्या कोठीची चौकशी केली.

एक गंमत झाली. तुझं पत्र मी तिला वाचून दाखवत होतो, तर स्थानकातल्या चार बायका बसलेल्या होत्या. करपलेल्या भाकरीचं मी गाळलं. कोठीचं ऐकून त्या थक्कच झाल्या. साध्वीजींपर्यंत गोष्ट गेली. दुसऱ्या दिवशी व्याख्यानात नाव न घेता दाखला: कुणी एक श्रावक आहे, ज्यानं आपल्या झाडांच्या शत्रूसाठी पांजरपोळ उघडली. शंभर माना माझ्याकडे वळल्या. खरं सांगू? बरं वाटलं. आजवर दुकानात लोकांनी माझ्याकडे पाहिलं ते तराजूकडे नजर ठेवून.

पाला कुठलाही घाल. करंज, पळस, निरगुडी, जो हाताला येईल तो. सागाचा कोवळा पाला मात्र तोडायचा नाही, नाहीतर अळीचं काम आपणच केल्यासारखं होईल.

चांदमल


सावरवाडी, १४ ऑगस्ट १९९७

शेठ,

रामराम. दुसरी फेरी आली. नव्या पालवीवर अळ्याच अळ्या. बायका वेचतायत, चार टोपल्या कोठीत सोडल्या. पहिल्या दिवशी मजा चालली होती. पावण्यांना आत न्या, पावण्यांना पाणी विचारा, असं.

पण शेठ, पावणे जेवत नाहीत. करंज घातला, शिवला नाहीत. पळसाच्या पानावर चढल्या, फिरून खाली उतरल्या. एरंड घातला, त्याचीही तीच गत. निरगुडीला थोड्यांनी तोंड लावलं, बाकीच्यांनी नाही. मग मला वाटलं, सागाचीच सवय असेल, म्हणून सागाची खालची जून पानं आणली. त्यावर सगळ्या धावल्या. वास तोच ना! आणि कडा कुरतडून थांबल्या. पान जाड, त्यांचा दात चालत नसावा. कोंडाबाई म्हणाली, "लेकरू रुसतं तशा रुसल्यात." मी म्हणालो रुसलेलं लेकरू भूक लागली की ताटावर येतं. पण तीन दिवस झाले, कुणी आलं नाही.

मी एक चोरी केली. सागाच्या शेंड्याचा मूठभर कोवळा पाला तोडून आत टाकला. बघता बघता त्याच्या शिरा उरल्या. म्हणजे भूक आहे, पण त्यांना हवं ते एकच. आता बोला. शेंडे तोडून रोज आत टाकू म्हणता तर टाकतो. पण मग त्यांना झाडावरच ठेवलं असतं तर काय बिघडत होतं? एवढी पायपीट, बायकांचा रोज, आणि साग तर जातोच.

नाहीतर परत झाडावर सोडतो. तुमचं उत्तर येईपर्यंत निरगुडी घालत राहतो.

चिमाजी


जुन्नर, १८ ऑगस्ट १९९७

चिमाजी,

हे पत्र मी आधी डोळ्यांनी वाचलं म्हणून बरं. मोठ्यानं वाचलं असतं तर काय झालं असतं याचा विचार करवत नाही.

तुला इथली परिस्थिती माहीत नाही. झमकूच्या ओठांना चिरा पडल्यात. बोलणं कमी झालंय. सकाळी डोळे उघडले की पाणी मागायच्या आधी विचारते, "त्यांनी खाल्लं का?" तुझ्या अळ्यांबद्दल! मी म्हणतो, खाल्लं. मग ती पाणी पिते. आणि तुझं पत्र येणार म्हणून दुपारी बायका-माणसं जमतात. काल संघाचे अध्यक्ष स्वतः आले. आता तिथं उभं राहून मी काय वाचू, पावणे जेवत नाहीत म्हणून?

तेव्हा यापुढे पाकिटात दोन कागद घालत जा. एक वाचण्याजोगा, एक माझ्यापुरता.

शेंडे तोडायचे नाहीत, झाडावर परत सोडायच्याही नाहीत. साग अळ्यांना चारला असं उद्या कुणी बघितलं तर पांजरपोळ कसली आणि काय! निरगुडी घालत राहा. अरे, चार दिवस पोट रिकामं राहिलं की माणूस शिळंपाकं खातो, त्या तर अळ्या.

चांदमल


सावरवाडी, २३ ऑगस्ट १९९७

(वाचण्याचा कागद)

श्री. चांदमल शेठ आणि भाभींच्या चरणी दंडवत. आपल्या कृपेनं कोठीतील सर्व अळ्या सुखरूप आहेत. जंगलातील हिरवा पाला आवडीनं खातात. सकाळी दार उघडलं की माना वर करून बघतात. वाडीतले लोक लांबून लांबून बघायला येतात आणि भाभींच्या तपाला हात जोडतात. इथे कशाचीही काळजी नसावी.

(तुमचा कागद)

शेठ, वरचं लिहायला मला सगळी दुपार गेली. माना वर करून बघतात हे मी मनचं लिहिलं. अळीला मान कुठली असते?

त्या मरतायत. आधी बारीक होत्या त्या गेल्या. मोठ्या भिंतीवर चढून धागा काढून लोंबत राहतात आणि तशाच वाळतात. ज्यांनी निरगुडी धरली त्या थोड्या जगल्या, मातीचा कोपरा शोधून कोष करून बसल्या. बाकी रोज झाडून काढतो. कोंडाबाई सुपलीत भरते आणि सागाखाली खड्डा आहे त्यात नेऊन टाकते. परवापासून तिनं वेचायचं सोडलं. म्हणाली, "झाडावर व्हत्या तवा जित्या व्हत्या. म्या न्हाई येचनार." बयाबाईही येईना. मी एकटाच वेचतो. खरं तर वेचतो असं तुम्हाला लिहितो. काल नुसता टोपली घेऊन बागेतून फिरून आलो, लोकांना दिसावं म्हणून.

आणखी एक. मंचरहून तुमच्या भाच्यानं, अरिहंतनं, टेम्पोतून किडक्या हरभऱ्याची तीन पोती पाठवली. जीव वाचवा म्हणे. पोती कोठीत ठेवली. त्यातले किडे मजेत आहेत, त्यांना हवं ते त्यांच्या पायाखालीच आहे.

तिकडं औषध मारलं असतं तर एका सकाळी काम झालं असतं. हे असं बघवत नाही.

चिमाजी


जुन्नर, २८ ऑगस्ट १९९७

चिमाजी,

तुझा पहिला कागद वाचला. माना वर करून बघतात, इथं दोन बायकांनी डोळ्याला पदर लावला. झमकू मात्र डोळे मिटून होती. तिनं तो पुन्हा एकदा वाचायला लावला. मी पुन्हा वाचला.

काल माझा सत्कार झाला. जीवदयेबद्दल टिळा लावला, माळ घातली. मला वर बघवेना. हात जोडून खाली मान घालून उभा राहिलो. लोक म्हणाले, बघा, किती विनम्र माणूस! चिमाजी, तोंड लपवायला जागा नाही, असं मी आयुष्यात अनुभवलं नव्हतं. दुकानात तराजूची दांडी मारताना पकडला गेलो असतो तरी परवडलं असतं. चोराला निदान शिव्या तरी मिळतात.

खरं सांगून टाकावं असं मनात येतं. पण उपासाचे अजून दहा-बारा दिवस आहेत. या अवस्थेत तिला सांगितलं आणि तिचं काही झालं तर? आणि नाही सांगितलं तर? मी असा दोन्हीकडून अडकलोय, आणि अडकवलंय मीच.

त्यात संघानं ठरवलंय की पारणं झालं की तपस्वींना घेऊन सगळ्यांनी तुझी कोठी बघायला यायचं. दोन जीपा सांगून ठेवल्यात. ओझरला गणपतीच्या दारावरून येतील, जाताना घोडेगावला जेवतील, असा बेतसुद्धा झाला. मी पावसाचं सांगितलं, रस्त्याचं सांगितलं, दरड कोसळते म्हणालो. कुणी ऐकेना.

कोठीत काहीतरी जिवंत दिसलं पाहिजे. कुठूनही आण. मी हात जोडतो.

चांदमल


सावरवाडी, ३ सप्टेंबर १९९७

(वाचण्याचा कागद)

सर्व क्षेम. आपण येणार हे ऐकून वाडीत आनंद आहे. रस्ता बरा आहे.

(तुमचा कागद)

तुमची चिंता मिटेल असं दिसतं. बागेत दुसरीच अळी आलीये. बारीक, हिरवट, पहिलीच्या निम्मी नाही. हिला कोवळं लागत नाही, जून पानावर बसते, वरचा गर खरवडून खाते आणि पानाची चाळण करून ठेवते. आठवड्याभरात सगळा साग जाळीसारखा दिसायला लागेल. पण ही पानं तशीही थंडीत गळायचीच. झाडाला मोठा धक्का नसावा.

ही कोठीत जून पानं खाते. करून बघितलं. आजच दोन टोपल्या सोडल्या, पानं सरसरा संपतायत. पाहुण्यांना बघायला मिळेल. पहिली आणि ही यांतला फरक कुणाला कळणार आहे?

कोठी शेणानं सारवली. खड्ड्यावर माती लोटून वर पाचोळा टाकला. हे सगळं मी केलं, कोंडाबाईनं हात लावला नाही. ती माझ्याशी कामापुरतं बोलते. तुम्ही निदान खाली मान घालून उभे राहता, शेठ. मला तर मान वर करून दाराशी उभं राहून सगळं दाखवायचंय.

चिमाजी


जुन्नर, १८ सप्टेंबर १९९७

चिमाजी,

झालं एकदाचं. तू उत्तम निभावलंस. अध्यक्षांनी तुला शाल पांघरली तेव्हा तुझा चेहरा बघण्यासारखा होता. तापानं फणफणलेला माणूस बरा दिसतो. लोकांना वाटलं, साधा डोंगरातला माणूस, भारावून गेला.

झमकू कोठीत वाकून बराच वेळ बघत होती. मागे बायका स्तवन म्हणत होत्या. तिनं एक अळी बोटावर घेतली, परत पानावर ठेवली आणि बाहेर आली. परतीच्या वाटेवर जीपमध्ये बाहेर तोंड करून बसली होती. पारण्यानंतरची पहिलीच धावपळ, दमली असेल. सध्या मुगाचं पाणी आणि भाताची पेज घेते. आता कोठीबद्दल विचारत नाही. सुटलो म्हणायचं.

संवत्सरीचं क्षमापनेचं कार्ड सोबत पाठवतो आहे. दरवर्षी सगळ्यांना पाठवतो तेच: मनानं, वाणीनं, कायेनं काही दुखावलं असेल तर क्षमा असावी. मिच्छामि दुक्कडम्. यंदा तुझ्या पाकिटावर पत्ता लिहिताना पेन अडलं. छापील कार्डाच्या खाली हातानं दोन ओळी लिहाव्यात असं वाटलं. सुचल्या नाहीत.

अळ्या आता राहू दे. जे झालं ते तुझ्या-माझ्यात.

चांदमल


सावरवाडी, २६ सप्टेंबर १९९७

शेठ,

या वेळी कागद एकच आहे. हे पत्र मोठ्यानं वाचा. भाभी समोर असताना वाचा. नाही वाचलंत तर मी जुन्नरला येऊन तोंडानं सांगेन, भात पोटरीला आलं असलं तरी येईन.

भाभी, मी तुम्हाला खोटं लिहिलं. कोठीत नेलेल्या अळ्या मेल्या. उपाशी मेल्या. त्या सागाची कोवळी पानं खातात, दुसरं खात नाहीत, हे मला तिसऱ्या दिवशी कळलं होतं. ज्या तुम्ही बघितल्या त्या दुसऱ्या. त्या तुम्हाला दाखवण्यासाठी मी आणून ठेवल्या होत्या. ज्या मेल्या त्या सागाखाली पुरल्या आहेत. तुमच्या जीपा जिथं लावल्या होत्या तिथंच.

शेठनी सांगितलं म्हणून केलं असं मी म्हणणार नाही. शेठ जुन्नरला होते. दार मी लावत होतो आणि मी उघडत होतो. एका दिवशी दार उघडंच टाकलं असतं तर त्या आपल्या वाटेनं गेल्या असत्या. हे मला सुचलं नाही असं नाही. सुचलं होतं. पण तुम्ही उपाशी आहात आणि माझ्या पत्रावर पाणी पिता, हे वाचून माझा हात चालला नाही. मला वाटलं मी तुम्हाला वाचवतोय.

शाल सोबत परत पाठवली आहे. मी ती वळणीवर टाकली होती. वाडीतली माणसं येऊन बोट लावून बघून जायची आणि म्हणायची, "लई नाव काढलंस, चिमाजी." कोंडाबाई चुलीपुढं बसून ऐकायची. काल ती म्हणाली, "ती शाल तरी घरातनं काडा. लाज वाटती भाकरी थापायला." म्हणून पाठवतोय.

तुमचं कार्ड पोचलं. छापलेलं होतं. आमच्यात असली चाल नाही, पण चांगली आहे. मीही मागतो. मला काय मागायचंय ते मी वर लिहिलं आहे.

चिमाजी


जुन्नर, ८ ऑक्टोबर १९९७

चिमाजीभाऊ,

जय जिनेंद्र. मी आण्याच्या शाळेत चौथीपर्यंत शिकले आहे. अक्षर वाकडं आहे, लावून घ्या.

तुमचं पत्र यांनी मोठ्यानं वाचलं. त्या वेळी खोलीत आम्ही दोघंच होतो. "उपाशी मेल्या" इथपर्यंत आले आणि थांबले. मी म्हटलं, पुढं वाचा. वाचलं. चाळीस वर्षांच्या संसारात हा माणूस माझ्यासमोर पहिल्यांदा रडला, तेही तोंड फिरवून. तेव्हा त्यांना जास्त दोष देऊ नका.

भाऊ, मला माहीत होतं.

तुम्ही तक्रारीशिवाय कधी पत्र लिहीत नाही. दुकानात येता तेव्हासुद्धा आधी रस्त्याला नावं ठेवता, मग बसता. तुमची इतकी गोड पत्रं यायला लागली तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. माना वर करून बघतात हे ऐकलं तेव्हा तर खात्रीच झाली. पुन्हा वाचा म्हणाले ते त्यासाठी. दुसऱ्यांदा वाचताना यांची नजर कागदावर नव्हती, माझ्यावर होती.

आणि कोठीत वाकले तेव्हा उरलंसुरलंही कळलं. आषाढात माझ्या तळहातावर जी होती ती काळी, अंगावर पट्टे, चालताना गुदगुल्या व्हायच्या. तुम्ही दाखवली ती ही नव्हतीच. किडामुंगी ओळखायला मला शिकवावं लागत नाही, बाबांच्या दुकानामागच्या खोलीचं दार लहानपणी मीच उघडायची. त्या खोलीतले किडे जगायचे, कारण ज्या धान्यात ते सापडले तेच धान्य त्यांच्याबरोबर आत जायचं. मला हे ठाऊक असायला हवं होतं. मी यांना खोलीची आठवण करून दिली, आणि धान्याचं सांगितलंच नाही.

तिथंच, कोठीच्या दारात, मी बोलू शकले असते. मागं बायका गात होत्या. माझ्या नावानं गात होत्या. मी वाकून राहिले ते अळी बघत नव्हते. ते गाणं पुरं व्हायची वाट बघत होते. आवडत होतं मला. बाहेर आले आणि सगळ्यांनी पाय धरले, ते मी धरू दिले.

महिनाभर मी काही खाल्लं नाही असं इथं सगळे सांगतात. खोटं आहे. दुपारी तुमचं जुनं-नवं पत्र वाचून झालं की बायका धन्य धन्य म्हणायच्या, ते मी रोज खात होते. दुसरं काही मला चालत नव्हतं. तुमच्या अळीसारखंच.

काल मी स्थानकात उभं राहून सांगितलं. सगळं नाही सांगता आलं. पण त्या मेल्या एवढं सांगितलं, आणि माझ्यामुळे मेल्या हे सांगितलं. लोकांनी मान खाली घातली. दोघी जणी उठून गेल्या. अध्यक्ष म्हणाले, बाईंना अशक्तपणा आलाय. यांनी उठून सांगितलं, "न्हाई, ती खरं बोलतीय. नियम मीबी घेतला व्हता." मग पुन्हा खाली बसले. आता आम्ही दोघं स्थानकात मागच्या खांबाशी बसतो.

शाल माझ्या पेटीत आहे. तुमचे दुसरे कागदही यांनी मला दाखवले. कोंडाबाईंना सांगा, त्यांनी सुपली धरली, त्यांना मी तोंड दाखवू शकत नाही. तरी दिवाळीनंतर येईन. त्यांनी भाकरी वाढली तर खाईन, नाही वाढली तर तशीच परत जाईन.

पुढल्या पावसात कोठीत हिरडा भरा. दाराला कडी नको. साग खायला येतील त्यांना खाऊ द्या. पालवी परत फुटते हे तुम्हीच लिहिलं होतं. यांनाही ते कबूल आहे.

छापील कार्डात कशाची क्षमा ते लिहिलेलं नसतं, म्हणून मी हातानं लिहिते आहे. उपास मी माझ्या मर्जीनं धरला होता. अळ्यांना कुणी विचारलं नव्हतं. माझ्या उपासाच्या शेवटी पारणं होतं, भाऊ. मुगाचं पाणी घेऊन दहा जणी उभ्या होत्या. त्यांच्या उपासाला पारणंच नव्हतं.

झमकू